तोडलेला ऊस थांबत नाही

करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठाला माझं माहेर. अडीच एकर ऊस आणि गावंदरीला गुऱ्हाळघर. गुऱ्हाळ बंद पडून बरीच वर्षं झाली. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, पालथी घालून ठेवलीय आणि तिच्या आडोशाला कोंबड्या बसतात. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण वसाहतींचा धडा मला खरा समजला तो या गुऱ्हाळघरातच.

मी सातवीत असतानाची गोष्ट. ऐन हंगामात रात्री इंजिन बंद पडलं. मिस्त्री यायला दोन दिवस लागले, आणि तोडलेला ऊस तसाच ढिगात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी रसाचं आदण चढवलं तेव्हा गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं वाफेचा वास घेतला आणि काही न बोलता आबांकडे बघितलं. थंड पाण्यात पाक टाकून तो गोळी धरायला बघत होता, पण ती बोटांतून निसटत होती. भेंडीचं पाणी घालून मळी काढली, जाळ कमी-जास्त केला, तरी गूळ बसला नाही. शेवटी सगळी काकवी करून टाकली. आबा एवढंच म्हणाले, "तोडल्यावर ऊस कुणासाठी थांबत न्हाई बघ." तोडीनंतर उसातली साखर मोडायला लागते आणि एक-दोन दिवसांत रस बिघडतो, हे शास्त्र मी पुढं वाचलं.

पाठ्यपुस्तकात 'मळे' हा शब्द यायचा. आमच्या पोरांना मळा म्हणजे विहीर, वांगी, आंब्याखाली बांधलेली म्हैस. मग कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर मळे होते म्हटल्यावर त्यांना त्यात वाईट काय ते कळायचं नाही. मी फळ्यावर लिहायचे: शेत, घाणा, भट्टी आणि कोठडी, सगळं एका कुंपणात, एका मालकाचं. ऊस थांबत नाही म्हणून घाणा शेतातच हवा. घाणा थांबू नये म्हणून हंगामात रात्रपाळी हवी. आणि तसल्या कामावर राजीखुशीनं कोण टिकणार? म्हणून माणसंच विकत घेतली.

इंग्रज 1627 मध्ये बार्बाडोसवर उतरले. सुरुवातीला त्यांच्यात तंबाखू आणि कापूस लावणारे छोटे शेतकरी होते. कामाला इंग्लंडहून कराराने आणलेले गोरे मजूर. 1640 च्या दशकात ऊस आला आणि सगळं फिरलं. छोट्यांच्या जमिनी मोठ्यांनी गिळल्या, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांनी बेट भरलं. 1661 मध्ये गुलामांसाठी वेगळा कायदा झाला आणि तीनच वर्षांत जमैकानं तो उचलला. बार्बाडोसच्या इंच-इंच जमिनीत ऊस, त्यामुळं खायचं धान्य आणि खारवलेले मासे जहाजानं बाहेरून यायचे. अटलांटिक ओलांडायला आफ्रिकेतून जहाजांवर चढवलेली माणसं, सगळ्या वसाहतींसाठीची मिळून, सुमारे सव्वा कोटी. त्यातली अठरा लाखांच्या आसपास वाटेतच मेली.

एक गोष्ट शिकवताना माझा आवाज दर वर्षी बसायचा. आमच्या शेजारच्या गुऱ्हाळावर ऊस घालताना एका गड्याची बोटं चरकात गेली होती. लोक ओरडले, इंजिन बंद केलं, त्याला बैलगाडीत घालून कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. दोन बोटं गेली, हात राहिला. कॅरिबियन बेटांवर घाण्याशेजारी धार लावलेली कुऱ्हाड ठेवलेली असायची. हात घाण्याच्या रुळांत सापडला तर तो खांद्याकडून तोडायचा, नाहीतर सगळा माणूस आत ओढला जाणार. अपघात होणार हे धरूनच ती कुऱ्हाड तिथं असायची. असं यंत्र आणि असा हिशेब ज्या समाजानं दीड-दोनशे वर्षं चालू ठेवला, त्याची घडण कशी झाली हे सांगायला मला वेगळं काही लागायचं नाही.

ब्रिटिश संसदेनं 1833 मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला. नुकसानभरपाई ठरली दोन कोटी पौंड, आणि ती मिळाली मालकांना. ज्यांची पाठ सोलली त्यांना एक दमडी नाही. मळे मात्र चालूच राहायचे होते. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'ॲटलस' जहाजातून 36 हिंदुस्थानी मजूर मॉरिशसला उतरले. पगार महिना पाच रुपये, करार पाच वर्षांचा. ॲग्रीमेंटचं झालं गिरमिट. एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला रिवाज होता. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर माणसं मॉरिशसला उतरली. मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही त्यात होती. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांकडे आजही गणपती बसतो.

काही जण उसालाच दोष देतात. मला ते पटत नाही. उसाला घाई इथंही तेवढीच होती. पण इथं रान ज्याचं त्याच्या नावावर होतं, दोन-तीन एकराचं का असेना. गूळ विकायला शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेली कोल्हापूरची शाहूपुरी बाजारपेठ होती, आणि पुढं सहकारी कारखान्यांत शेतकरी सभासद झाला. आबांचा गूळ नासला तेव्हा नुकसान आबांचं झालं, म्हणून गड्याच्या पाठीवर चाबूक उठला नाही, असं नाही म्हणत मी. चाबूक उठला नाही कारण तो गडी उद्या दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर जाऊ शकत होता.

गेल्या डिसेंबरात आमच्या उसाला तोड आली. ऊसतोड मजुरांची टोळी बीडकडची. बांधावर लिंबाच्या सावलीत साडीच्या झोळीत बाळ झोपलेलं, आणि त्याची आई वाढ्याच्या पेंढ्या बांधत होती. चहा द्यायला गेले तेव्हा मी तिला मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचं विचारलं, "उचल किती घेतलीय गं?" तिनं आकडा नाही सांगितला. "मागच्या सालाचीच फिटली न्हाई, बाई," म्हणाली, आणि पेंढी उचलून चालू लागली. मुकादमाची वही ट्रॅक्टरच्या सीटवर उघडी होती. त्यात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एकच जोडी, धरलेला. पुढं उचलीची रक्कम, आणि नाव फक्त नवऱ्याचं.