थोड्या पैशात मोबाइल होम: तुम्ही विचारलंत म्हणून

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या डोहाळजेवणात, मुलांच्या मराठी शाळेबाहेर थांबलेलं असताना मला एकच प्रश्न येतो. "तुम्ही जुनी मोबाइल होम घेऊन विकता ना? फार भांडवल लागत नाही म्हणे. सुरुवात कशी केलीत?" मी दोन-चार वाक्यांत उत्तर देते, समोरचा खूश होतो आणि घरी येईपर्यंत मला वाटत राहतं की आपण अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

मोबाइल होम म्हणजे कारखान्यात बांधून ट्रकनं आणून एका जागी टेकवलेलं घर, आणि पार्क म्हणजे अशा घरांची वस्ती. आधी तुम्हाला हवं ते सांगते. हो, थोड्या पैशात सुरू होतं. टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या बाहेर एका पार्कात १९८४ सालचं सिंगल-वाइड, म्हणजे एकाच तुकड्याचं अरुंद घर, मी ४,५०० डॉलरना घेतलं. म्हातारा मालक मुलीकडे राहायला निघाला होता आणि त्याला महिनाअखेर मोकळं व्हायचं होतं. टबाशेजारची लाकडी फरशी पाय ठेवला की दबायची. पाण्याचे पाइप त्या काळात सर्रास घालत ते करडे, पॉलिब्युटिलीनचे होते, आज ना उद्या फुटणारे. प्लायवुड, नवे पाइप, घराखालची पोकळी झाकणारं स्कर्टिंग, रंग यांत आणखी ३,००० गेले. मग ते घर १४,००० ला विकलं. २,००० रोख, उरलेल्या १२,००० चे पाच वर्षांचे हप्ते, व्याज १० टक्के. महिन्याला २५५ डॉलर. अडकलेले साडेपाच हजार दोन वर्षांच्या आत सुटतात आणि त्यानंतरही तीन वर्षं हप्ते येत राहतात. बँक नाही, कर्ज नाही, गहाणखत नाही. त्या वेळी मी भेटेल त्याला हाच हिशेब सांगत असे. तो खोटा नव्हता, आजही नाही.

पण हे इतकं स्वस्त का, हे मला कोणीच विचारत नाही.

स्वस्त, कारण घराबरोबर जमीन येत नाही. जमीन पार्कमालकाची. घरवाला तिचं दरमहा भाडं भरतो, त्याला लॉट रेंट म्हणतात. जमीन नाही म्हणून कायद्याच्या लेखी हे घर बहुतेक वेळा स्थावर मालमत्ता नसतं. म्हणून नेहमीचं गृहकर्ज मिळत नाही. मिळालंच तर जंगम वस्तूवरचं, जास्त व्याजाचं आणि कमी मुदतीचं. तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या घराला तेही नाही. विकणाऱ्याला रोख पैसे देणारा सापडत नाही आणि घेणाऱ्याला कर्ज देणारा सापडत नाही. या दोघांच्या मध्ये हातात थोडी रोकड घेऊन मी उभी राहते. माझा नफा तिथून येतो.

माझं आजोळ कोकणातलं. आजोबांचं घर त्यांनी स्वतः चिरे रचून बांधलेलं, पण घराखालची जागा खोताची. १९४९ च्या कायद्यानं खोती गेली, तरी आजी अंगणात आंब्याचं कलम लावायचं म्हटलं की सवयीनं घुटमळायची. घर आपलं आणि जागा दुसऱ्याची म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकलं होतं. तरी पहिलं मोबाइल होम घेताना मला ते आठवलं नाही. आकडे इतके चांगले दिसत होते.

"गरिबांच्या जिवावर पैसे कमावता," असं एकदा एका ओळखीच्या गृहस्थांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांना मी तेव्हा जे सांगितलं ते इथेही सांगते. या देशात सुमारे दोन कोटी माणसं अशा घरांत राहतात. माझ्या पहिल्या घराचा हप्ता २५५ आणि लॉट रेंट ३८०, म्हणजे महिन्याला ६३५ डॉलर. त्याच रस्त्यावर दोन खोल्यांच्या अपार्टमेंटला हजाराच्या वर भाडं होतं आणि पाच वर्षं भरूनही त्यातला एक खिळासुद्धा भाडेकरूच्या नावावर होत नव्हता. मी घर पडीक अवस्थेतून काढलं, दबणारी फरशी बदलली, राहण्याजोगं केलं आणि ज्यांना कोणी कर्ज देत नव्हतं त्यांना दिलं. यात लाज वाटण्यासारखं मला तेव्हा काही दिसलं नव्हतं. यातली बरीचशी बाजू मी अजूनही सोडलेली नाही.

आता ते घर ज्यांनी घेतलं त्यांच्याबद्दल.

कुटुंब होंडुरासचं. तो छपरांची कामं करायचा, ती एका हॉटेलच्या लाँड्रीत होती. दोन मुली. माझं स्पॅनिश तोडकं, तिचं इंग्रजी तोडकं, पण हप्ता कधी चुकला नाही. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी पुढे लाकडी ओटा बांधला. मोठ्या मुलीनं आपली खोली जांभळी रंगवली आणि मला मुद्दाम आत नेऊन दाखवली. ही घरं म्हणजे नुसता धंदा नाही, असं मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

मग पार्क विकलं गेलं. जुना मालक त्याच पार्काच्या तोंडाशी राहायचा, भाडं थोडं उशिरा आलं तर हाक मारून विचारायचा. नवी कंपनी दुसऱ्या राज्यातली. तिचं पहिलं पत्र आलं तेव्हा ३८० चे ४६० झाले. पाणी आणि कचरा आधी भाड्यात धरलेले होते, त्यांची बिलं वेगळी यायला लागली. पुढच्या करारात ४६० चे ६१०. टेक्सासमध्ये या भाडेवाढीला कायद्यानं घातलेली कमाल मर्यादा नाही. मालमत्ता कायद्यातलं ९४ वं प्रकरण खास या पार्कांसाठी आहे. त्यात करार कसा हवा, नोटीस कशी द्यायची हे आहे. किती भाडं घ्यायचं, हे नाही.

"मग घर उचलून दुसरीकडे न्यायचं ना, मोबाइल आहे ते!" हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. ही घरं एकदा टेकवली की बहुतेक जन्मभर तिथेच राहतात. सिंगल-वाइड हलवायचं म्हणजे परवाना, ट्रक, टेकू काढणं, पुन्हा लेव्हल करणं, नव्यानं अँकर ठोकणं, वीज आणि सांडपाणी जोडणं. मला त्या घरासाठी सांगितलेला आकडा त्याच्या खरेदीच्या किमतीहून जास्त होता. आणि नेणार कुठे? मी विचारलेल्या प्रत्येक पार्कानं वयाची अट सांगितली. १९८४ चं घर कोणी आत घ्यायला तयार नव्हतं.

त्याच हिवाळ्यात तो छपरावरून पडला. रोजंदारीचं काम, विमा नाही. घरात फक्त तिचा पगार. आणि तिनं काय केलं? हप्ता माझा भरला आणि लॉट रेंट थकवलं. का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही ओळखीच्या आहात." हे वाक्य अजून माझ्या अंगावर येतं. माझी ओळख तिला महागात पडली. मी थांबले असते, पार्क थांबणार नव्हतं.

पार्कानं जस्टिस कोर्टात, म्हणजे इथल्या छोट्या स्थानिक कोर्टात, जागा खाली करून घेण्याचा दावा लावला. मी तिच्याबरोबर गेले. तिच्यावर निकाल द्यायला फार वेळ लागला नाही. भाडं थकलं होतं हे खरंच होतं आणि न्यायाधीशांना त्याहून जास्त काही ठरवायचं नव्हतं. माझ्या हातात घराचे कागद होते, घरावर माझा बोजा नोंदलेला होता, पण दावा घराचा नव्हताच. दावा घराखालच्या जागेचा होता. बाहेर आल्यावर ती मलाच समजावत होती की तुमचे पैसे बुडणार नाहीत.

थकबाकीतला काही भाग मी भरला, महिना-दीड महिन्याची सवलत मागून घेतली. नंतर तिच्या भावानं त्यांना जॉर्जियात बोलावलं. हप्त्यांची साडेपाच हजारांच्या आसपास बाकी होती, ती मी सोडली. वर सामान हलवायला १,५०० डॉलर दिले. तिनं घर माझ्या नावावर परत लिहून दिलं, किल्ल्या दिल्या, मला मिठी मारली. जांभळी खोली तशीच होती.

काही महिन्यांनी मी ते घर पुन्हा विकलं. ओट्यामुळे किंमत चांगली आली.

तेव्हा वर्षअखेरीच्या हिशेबात ते १,५०० डॉलर कुठे लिहायचे, हा प्रश्न आला. या धंद्यात अशा रकमेला ठरलेलं नाव आहे, कॅश फॉर कीज. भांडणतंटा न होता घर रिकामं व्हावं म्हणून राहणाऱ्याला दिलेले पैसे. मी ते त्याच सदरात लिहिले, कारण माझा कर भरून देणाऱ्या माणसाकडे मदत म्हणून लिहायला सदर नव्हतं. पण लिहिल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. मी मदत केली होती की घर स्वस्तात मोकळं करून घेतलं होतं? रक्कम तीच, कागद तोच. त्या घरानं मला दोनदा नफा दिला, आणि दुसऱ्यांदा जास्त.

तेव्हाची मी आजच्या मला सांगते: भाडं तू वाढवलं नाहीस. तो पडला त्यात तुझा हात नाही. तू बाकी सोडलीस, किती जण सोडतात? आणि तुझ्याकडून घर मिळालं नसतं तर ती तीन वर्षं ते कुठे राहिले असते? मी तिला उत्तर देते: ते सगळं बरोबर. पण त्यांनी तीन वर्षांत अकरा हजारांच्या वर भरले आणि रिकाम्या हातानं गेले. जमीन तिसऱ्याची आहे हे तुला माहीत होतं, तोच तुझ्या स्वस्ताईचा पाया होता. त्यांनी घेतलेला धोका तुझ्यापेक्षा मोठा होता आणि त्याची किंमत तुझ्या हिशेबात कुठेच नव्हती. ती म्हणते, मग धंदा सोड. मी सोडलेला नाही. हे भांडण अजून चालू आहे.

तरीही तुम्हाला सुरू करायचंच असेल, तर घर बघायच्या आधी पार्कात जा. मॅनेजरला भेटा. मालक कोण, गेल्या काही वर्षांत लॉट रेंट कितीवरून कितीवर गेलं, बाहेरच्या माणसानं घर घेऊन विकलेलं चालतं का, नव्या घेणाऱ्याला पार्क मंजुरी देतं की नाही, ते विचारा. घर सोन्यासारखं असलं आणि पार्कानं तुमचं गिऱ्हाईक नाकारलं तर रिकाम्या घराचं लॉट रेंट तुम्ही भरत बसता. थोडं भांडवल म्हणतात ते बहुतेकांचं याच महिन्यांत संपतं. म्हणून घराच्या किमतीइतकीच रोकड बाजूला हवी, असं माझं मत.

मग कागद. १५ जून १९७६ पासून ही घरं केंद्र सरकारच्या एका नियमावलीनुसार बांधली जातात, बाहेरच्या बाजूला लाल पत्र्याचं लेबल असतं. त्याआधीच्या घराच्या वाटेला पहिल्यांदा जाऊ नका. लेबलाच्या किंवा सीरियल नंबरवरून टेक्सासच्या गृहनिर्माण खात्याकडे घराची मालकी, बोजा आणि थकलेला कर बघता येतो. म्हातारे मालक "कर भरलाय" म्हणतात ते मनापासून म्हणतात, तरी बघा. घरात टब, बॉयलर आणि मागच्या दाराशी चालून बघा, दिवाण हलवून बघा, खाली वाकून घराच्या तळाचं आवरण फाटलंय का बघा.

आणि परवाने. टेक्सासमध्ये बारा महिन्यांत एकाहून जास्त घरं गिऱ्हाइकांना विकायची तर विक्रेत्याचा परवाना लागतो. हप्त्यांवर विकणं हे कर्ज देणंच आहे. २००८ चा सेफ ॲक्ट आणि २०१० चा डॉड-फ्रँक हे केंद्राचे कायदे आल्यापासून त्याला नियम आहेत, वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-फोरवाल्यांनो (त्यांच्या जोडीदारांचा व्हिसा), पैसे गुंतवणं आणि स्वतः जाऊन घर दुरुस्त करून विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी म्हणजे काम. २०१५ पासून ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० अर्ज मंजूर झालेल्या एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली, तेव्हा मला ती मिळाली. त्याआधी मी हातोडा उचलला नाही.

आता मी नवं घर घेते ते जमिनीसकटच. त्याला थोडे पैसे पुरत नाहीत, म्हणून तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे आज सरळ उत्तर नाही. पार्कातली दोन घरं अजून हप्त्यांवर आहेत. त्यातल्या एका पार्काचा मालक विकायच्या विचारात आहे. रहिवाशांनी एकत्र येऊन, आपल्याकडच्या सोसायटीसारखी सहकारी संस्था काढून पार्क स्वतः विकत घ्यायचं ठरवलं आहे. देशात असं झालेलं आहे, ह्यूस्टनजवळ पॅसाडेनातही अशी वस्ती आहे. पण इथे मालकावर रहिवाशांना आधी विचारायचं बंधन नाही, आणि दुसरा कोणी जास्त पैसे घेऊन आला तर संपलं. त्यांच्या बैठकीला मला घेणेकरी म्हणून बोलावलंय. संस्थेचा सुरुवातीचा वाटा भरायला लोकांकडे पैसे राहावेत म्हणून वर्षभर हप्ते थांबवाल का, असं ते विचारणार आहेत. नवरा म्हणतो, थांबव. तेव्हाची मी म्हणते, निम्म्यावर आण आणि लिहून घे. बैठक येत्या रविवारी आहे आणि माझं अजून ठरलेलं नाही.