तुम्ही विचारलंत म्हणून: पाचट का पेटवत नाही

खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून येणारं पुढचं पीक, धरायचे दिवस आले की मला दोन प्रश्न ठरलेले. पाचट, म्हणजे उसाची रानात पडलेली वाळकी पानं, का पेटवत नाहीस? आणि बागायती रान असून बांधाकडंचे पाच गुंठे गवताला कशाला घातलेस? इतकी वर्षं मी ‘जमिनीसाठी’ म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नाही, पण ते मला नंतर सुचलेलं आहे.

फेब्रुवारी 2014. भोगावतीकाठच्या आमच्या रानातला ऊस तुटून गेला होता आणि पाचट वाळून कडकडीत झालं होतं. शेजारी आबांचा, म्हणजे सख्ख्या चुलत्यांचा, आडसाली ऊस अजून उभा. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा तोडीची चिठ्ठी देणारा माणूस, आज येतो, उद्या येतो करत होता. मी सकाळी लवकर पेटवणार होतो, पण सोसायटीत काम निघालं आणि रानात पोचायला एक वाजला. वारं पडलंय असं वाटलं, काडी ओढली. मधल्या दोन सऱ्या मोकळ्या केल्या होत्या, दरवर्षी तेवढ्यावर भागायचं. निम्मं रान जळालं आणि वारं फिरलं. पाचटाचा एक पेटता पुंजका उडाला तो थेट आबांच्या उसात.

मोटरीकडं पळालो. लाईट नव्हती. त्या आठवड्यात मोटरीची थ्री फेज वीज रात्रीची होती, आणि हे मला सकाळपासून माहीत होतं. शेजारपाजारची माणसं ओलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घेऊन धावली. आत कांड्या तडतडत होत्या, धगीनं जवळ जाता येईना. वीस-बावीस गुंठे गेले. जळका ऊस ठेवून चालत नाही, वजन घटतं, साखरेचा उतारा पडतो, वर कारखान्याची कपात होते ती वेगळीच. आबा बांधावर बसून होते. चार शिव्या हासडल्या असत्या तर मी सुटलो असतो. अंधार पडल्यावर एवढंच म्हणाले, “वारं बघायचं हुतं की रं.” तुटीचे पैसे घेऊन गेलो, ते त्यांनी घेतले नाहीत. म्हाईच्या सणाला आमच्याकडं जेवायला आले नाहीत, त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी.

पुढच्या हंगामात काडी ओढायला हात धजला नाही. जमीनबिमीन कोण बघत होतं!

त्यात पाचट नुसतं सरीत दाबलं आणि खोडवा पिवळा पडला. आबांचा पोरगा बांधावरून बघून हसला. चूक माझीच. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र नावापुरता, त्यामुळं ते कुजवणारे जिवाणू मातीतला नत्र, म्हणजे उसाच्या वाट्याचाच, ओढून घेतात. आता बुडखे छाटून घेतो आणि पाचटावर एकरी तीस-बत्तीस किलो युरिया, चाळीस किलो सुपर फॉस्फेट आणि जिवाणूखत टाकून ओल राखतो. एकराला तीन-चार टन पाचट निघतं. जाळलं तरी पालाश, म्हणजे पोटॅश, राखेत राहतं हे आबांचं म्हणणं बरोबर आहे, पण कर्ब आणि बहुतेक नत्र धुरातून जातं. उंदीर वाढतात, हेही खरं. आणि 2019 च्या महापुरात सगळं पाचट वाहून रानाच्या एका कोपऱ्यात गोळा झालं, तेव्हा मीच म्हणालो होतो, जाळलं असतं तर काय बिघडलं असतं?

गवताचं कारणही तेच. वाळकं पाचट आणि आबांचा ऊस यांच्यामध्ये काहीतरी हिरवं हवं होतं, म्हणून संकरित नेपियर लावलं. पहिली कापणी उसासारखी जमिनीलगत केली आणि निम्मी ठोंबं पुन्हा फुटलीच नाहीत. ऊसही गवताच्याच कुळातला, पण त्याचा खोडवा जमिनीखालच्या डोळ्यांतून फुटतो, म्हणून तो खालून छाटायचा. नेपियर वीतभर ठेवून कापायचं. म्हशींचं वाडं कमी झालं याचा मी बराच तोरा मिरवायचो, कारण वाड्यातलं ऑक्झलेट जनावराचं कॅल्शियम अडवतं. मग कळलं की नेपियरमध्येही ते असतं, कोवळ्यात जास्त. आता सोबत चवळी, लसूणघास घालतो.

2014 मधला मी समोर आला तर त्याला पाचट ठेव म्हणून सांगायची सोय नाही. तो म्हणेल, तू तरी आग लागल्यावरच ठेवलंस ना?

आबा अजून पेटवतात. परवा बांधावर आले, हातात काडेपेटी. “तू अजून भितोस व्हय?”

“व्हय, आबा.”

ते त्यांच्या रानात उतरले. मी लाईट आहे का बघितली, मोटर चालू केली आणि गवतात पाणी सोडलं.