होडी कुठे थांबवायची?

वडोदऱ्यात पक्षी बघायला शिकलेला माणूस बहुधा वढवाण्याच्या पाळीवर शिकलेला असतो. डभोईच्या पुढचा हा सिंचनाचा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात बांधला, 2021 मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. हिवाळ्यात तिथे पाळीवर उभं राहायचं, दुर्बीण तिपाईवर लावायची आणि लांबची बदकं मोजत बसायचं. आपण इतके दूर असतो की आपल्यामुळे कोणी उडत नाही. होडीतून बघायला लागलं की हा निवांतपणा संपतो. अहमदाबादजवळच्या नलसरोवर अभयारण्याला जायचा बेत मामांचा, मी नुसती गाडी चालवायला होकार दिला होता.

दांडिया बाजारातून मध्यरात्र उलटल्यावर निघालो. एक्सप्रेसवेने अहमदाबाद, मग साणंदमार्गे सरोवराच्या काठचं वेकरिया. वनखात्याचं तिकीट पटकन मिळालं. खरं काम होतं होडी ठरवण्याचं.

तिथल्या होडीवाल्यांचा हिशोब सरळ असतो. आलेल्या माणसाला रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, उडताना बघायचे असतात. होडी थव्याच्या दिशेने न्यायची, थवा उठला की सगळे मोबाईल वर, आणि बक्षिसी पक्की. म्हणून मामांनी काठावरच सांगून टाकलं, "काका, एकेय पक्षी उडाडवानुं नथी. पैसा पूरा आपीशुं." काकांनी आमच्याकडे जरा संशयानेच पाहिलं. कुरवांना, म्हणजे सीगलना, टाकायला गाठियाची पुडी घ्या म्हणून एक पोरगा मागे लागला होता, त्यालाही नाही म्हटलं. तळलेलं बेसन हे काही कुरवांचं अन्न नव्हे.

अभयारण्य जवळजवळ 120 चौरस किलोमीटरचं आहे, पण पाणी उथळ. त्यामुळे होडी वल्हवत नाहीत; मागे उभं राहून लांब बांबू तळाला टेकवायचा आणि रेटायचा. छपछप फारशी होत नाही, हा फायदा. तोटा असा की सपाट पाण्यावर उभा माणूस आणि हवेत उचललेला बांबू पक्ष्यांना लांबूनच दिसतो. काका बांबू डोक्यावर न उचलता पाण्यालगत आडवा ओढत होते. होडीही थव्याकडे रोखून नेत नव्हते, तिरकी नेत होते, जणू आम्ही भलतीकडेच निघालोय.

आधी लागले वारकरी, म्हणजे कूट पक्षी. काळेकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. हे उडण्यापेक्षा बाजूला सरकणं पसंत करतात. फार जवळ गेलं तर पाण्यावर धावत सुटतात. तलवार बदकांचं तसं नाही. ती बसल्या जागेवरून थेट वर उसळतात, त्यामुळे सूचना मिळते ती फक्त ताठ झालेल्या मानेची. ती दिसली की बांबू थांबवायचा. एकदा सगळे वारकरी अचानक एकमेकांना चिकटून गोळा झाले. मी काकांकडे बघितलं, तर त्यांनी हनुवटीने वर दाखवलं: दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी लव्हाळ्यावरून घिरट्या घालत होता. या खेपेला गुन्हेगार आम्ही नव्हतो.

रोहितांचं लक्षण मला आधी दिसलंच नाही, काकांना दिसलं. चरताना त्यांचं डोकं पाण्यात उलटं असतं, चोचीतून पाणी गाळत ते चालतात. आधी एक डोकं वर येतं, मग दोन-चार. त्यानंतर सगळा थवा एकाच बाजूला तोंड करून चालायला लागतो. काका पहिल्या डोक्यालाच थांबले. मला वाटलं, अजून बरंच पुढे जाता आलं असतं. मामा म्हणाले, "अगं, थांब. आता त्यांना ठरवू दे."

बराच वेळ काहीच घडलं नाही. पाय आखडले, चहा संपला. मग एकेक डोकं परत पाण्यात गेलं. पुढच्या टोकाचे काही रोहित चरत चरत आमच्याच बाजूला आले. थापट्या बदकांची एक टोळी तर रुंद चोचींनी पाणी फेसाळत होडीच्या इतक्या जवळून गेली की मामांनी दुर्बीण खाली ठेवली. एक कमळपक्षी पाणवनस्पतींवरून लांब बोटं टाकत निघून गेला, त्याचं आमच्याकडे लक्षही नव्हतं.

तेवढ्यात दुसरी होडी सरळ आत घुसली आणि थवा उठला. दिसायला सुंदर, यात वाद नाही. गुलाबी-काळे पंख, लोकांच्या आरोळ्या. पण चरणं तुटलं ते तुटलंच. हिवाळ्यातली बदकं मध्य आशिया, सायबेरियाकडून आलेली असतात आणि परतीसाठी त्यांना इथेच अंगावर चरबी चढवायची असते. सकाळभर दर होडीला एकदा उडायचं म्हटलं तर खायचं कधी?

परतताना वारा समोरून होता आणि काकांना दम लागत होता. पहाटेच जावं ते यासाठीही. काठावर उतरल्यावर मामांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. माझं म्हणणं, होडीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. बक्षिसी उडत्या थव्याला मिळते तोवर तो थवाच उडवणार. चढायच्या आधी बोलून, थांबण्याचे पैसे द्यायचे. मामांना हे पुरेसं वाटत नाही. पाण्यात खुंट रोवून हद्द आखा, त्यापुढे होडी नको, असं ते बाजरीचा रोटला आणि ओळो, म्हणजे वांग्याचं भरीत, खाताना शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी लोकांनाही पटवत होते.