रीफ टँकसाठी घरी बनवलेला एलईडी लाईट : आखणी, बजेट आणि माझा अनुभव

रीफ टँकचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवतात त्या टँकचा, लाईट घरी बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो एलईडी किती लागतील आणि एका एलईडीला किती पडतात. मी पण तिथूनच सुरुवात केली, पण वहीत हिशोब मांडायला लागलो तसं कळत गेलं की चिपचा आकडा सगळ्यात शेवटी येतो, आधी टँकमध्ये काय ठेवणार ते ठरवावं लागतं, कारण त्यावरच बाकी सगळं उभं राहतं.

माझा टँक 3 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, साधारण 180 लिटर. आणि ठेवायचे होते फक्त सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेले कोरल : झोअँथिड, मशरूम, एखादं लेदर असले प्रकार. ह्यात आवडीचा भाग आहेच, पण आपल्याकडे दगडी कोरल म्हणजे रीफ बांधणारे सगळे कोरल आणि सी फॅन हे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच. मालवणला पाण्याखाली मी कोरल बघितलेत, ते तिथेच राहावेत असं मला मनापासून वाटतं, आणि कोणी "मालवणचा लाइव्ह पीस आहे, घेता का" म्हणालं तर सरळ नाही म्हणायचं. तर ह्या निर्णयाचा बजेटशी थेट संबंध असा की एसपीएसवाले, म्हणजे बारीक तोंडांचे दगडी कोरल ठेवणारे, 250-350 पार (शैवालाला वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप) मागतात तसा जोर मला लागणार नव्हता. मशरूमला 50 ते 100 पुरतं, झोअँथिड आणि लेदरला 100 ते 150 मिळालं की खूप झालं. इथेच खर्च निम्म्यावर आला.

तयार फिक्स्चरचे भाव काढले होते. चांगल्या इम्पोर्टेड ब्रँडचं मला 35-40 हजारांच्या खाली कोणी दिलं नाही. स्वस्त काळे बॉक्स 10-15 हजारांत मिळत होते आणि त्यावर कोरल चांगले वाढलेले टँक मी बघितलेत, त्यामुळे त्यांना नावं ठेवणार नाही, पण आतला बोर्ड गेला की पार्ट मिळत नाहीत. मला असं काहीतरी हवं होतं की एक एलईडी किंवा एक ड्रायव्हर (एलईडीला ठरावीक करंट देणारा भाग) गेला तर तेवढाच बदलता यावा. मेटल हॅलाइडचा, म्हणजे खूप तापणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दिव्याचा, विचार केलाच नाही, डोंबिवलीत मे महिन्यात टँक तसाच 30 अंशांच्या वर जातो आणि पाणी थंड करणारा चिलर घ्यायची तयारी नव्हती.

आता लाईटचं गणित. कोरलच्या आत राहणारं शैवाल निळा प्रकाश सगळ्यात जास्त वापरतं, समुद्रातही खोलवर निळाच पोचतो. म्हणून मुख्य रंग रॉयल ब्लू, 450 नॅनोमीटरच्या आसपासचा. दुकानात नुसतं "ब्लू" मागितलं तर 465-470 वाला हातात पडतो, तो दिसायला निळाच पण आपल्या कामाचा नाही, त्यामुळे रॉयल ब्लू आणि नॅनोमीटर दोन्ही सांगून घ्यायचं. मी 24 रॉयल ब्लू आणि 12 पांढरे, असे 36 ठरवले. 12-12 च्या तीन लायनी, दोन निळ्याच्या आणि एक पांढऱ्याची. 12 च का, तर 700 मिलिअँपला एका एलईडीला साधारण 3.3 व्होल्ट लागतात, 12 चे झाले जवळपास 40, आणि मी मीनवेलचा एलडीडी-700एच ड्रायव्हर वापरणार होतो, त्याला आउटपुटपेक्षा निदान 3 व्होल्ट जास्त इनपुट लागतं. 48 व्होल्टचा पॉवर सप्लाय घेतला की सगळं आरामात बसतं. एका लायनीचे 28 वॉट, तीन लायनींचे 84, ड्रायव्हरचा थोडा लॉस धरून 88-90. 100 वॉटचा सप्लाय चालला असता, पण आपल्याकडची उकाड्याची हवा बघता तो कायम 90 टक्क्यांवर पळवणं मला पटेना, म्हणून 150 वॉटचा घेतला. फरक दोन-तीनशे रुपयांचा होता.

सगळ्यात जास्त वेळ हीटसिंकने, म्हणजे एलईडीची उष्णता ओढून घेणाऱ्या अल्युमिनियमच्या तुकड्याने, खाल्ला. 84 वॉटमधले निम्म्याहून जास्त उष्णता म्हणूनच बाहेर पडतात, आणि तो एलईडी तापला की प्रकाश कमी होतो, आयुष्यही कमी होतं. सपाट अल्युमिनियमची पट्टी स्वस्त पडते पण एवढ्या उष्णतेला ती पुरणार नव्हती, पंखवाला, म्हणजे पातळ उभ्या पट्ट्या असलेला सेक्शनच पाहिजे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एलईडी, ड्रायव्हर, कनेक्टर सगळं मिळालं, पण 75 सेंटीमीटर लांब सेक्शन एकाच तुकड्यात कोणाकडे नव्हता. शेवटी गुलालवाडीकडे विचारत विचारत मिळाला, वजनावर भाव, कापून द्यायचे वेगळे. घराजवळच्या वर्कशॉपवाल्याने भोकं पाडून एम3 चे आटे पाडून दिले. चिकटवायच्या थर्मल ग्लूने काम पटकन झालं असतं, पण मग एलईडी बदलायचा तर उचकटावा लागतो, म्हणून स्क्रू आणि थर्मल पेस्ट. स्क्रू स्टेनलेसचेच घ्या, खाऱ्या हवेत साधा स्क्रू लगेच गंजतो आणि ते गंजाचं पाणी टँकमध्ये पडतं.

सोल्डरिंग माझ्या भाच्याने केलं, त्याचा हात चांगला आहे. प्रत्येक एलईडी बसवल्यावर मल्टिमीटर लावून हीटसिंकशी शॉर्ट तर नाही ना हे बघत गेलो. कंटाळवाणं काम आहे, पण 36 लावून झाल्यावर शोधत बसण्यापेक्षा हे बरं. कंट्रोलसाठी अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि वेळ लक्षात ठेवणारं डीएस3231 मॉड्यूल घेतलं. दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगतो. एक म्हणजे ह्या ड्रायव्हरची डिमिंगची (प्रकाश कमी-जास्त करायची) पिन मोकळी राहिली तर तो पूर्ण जोरात पेटतो, म्हणजे लाईट जाऊन आली की नॅनो चालू होईपर्यंत क्षणभर 100 टक्के प्रकाश, म्हणून प्रत्येक पिनला 10 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावायचा. दुसरं, नॅनो आणि पंखे मी वेगळ्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवले, तेव्हा त्या अडॅप्टरचा आणि 48 व्होल्टचा निगेटिव्ह एकत्र जोडावाच लागतो, नाहीतर डिमिंग वेड्यासारखं वागतं.

बजेटचं सांगतो. एलईडीचे 4,300 झाले, तीन ड्रायव्हर 2,250, पॉवर सप्लाय 2,100, हीटसिंक कापणं-आटे धरून 2,800. दोन पंख्यांचे 600, नॅनो, घड्याळ, डिस्प्ले आणि बोर्ड मिळून 1,200, एलईडीवर बसवायच्या, प्रकाश एकवटणाऱ्या लेन्स 700, वायर-पेस्ट-स्क्रू-कनेक्टर असलं किरकोळ म्हणता म्हणता 1,100 झालं. खालच्या बाजूला पाण्याचे शिंतोडे अडवायला अ‍ॅक्रिलिक 500, टांगायची तार आणि हुक 450. आणि 30 मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच), इलेक्ट्रिशियन धरून 1,900. एकूण 17,900. म्हणजे ज्या एलईडीवरून सगळी चर्चा चालते त्यांचा वाटा जेमतेम पाव. मी पहिल्यापासून दोन हजार वेगळे ठेवले होते, ते किरकोळ सामानात आणि जाण्यायेण्यात गेले. एका ऑनलाइन विक्रेत्याने लेन्स 60 अंशाच्या सांगून दुसऱ्याच पाठवल्या आणि परत घ्यायला नकार दिला, तेव्हा थोडा जास्त खर्च करून समोर बघून घेणं मला तरी योग्य वाटतं.

आरसीसीबी बजेटमधून काढू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. खारं पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत आणि आपला हात रोज त्या पाण्यात जातो. हीटसिंकला अर्थिंग करा, पॉवर सप्लाय टँकच्या खालच्या कपाटात ठेवू नका, तिथे कायम दमट असतं आणि मीठ चढतं. माझा बाजूच्या भिंतीवर उंच बसवलाय. वायर सॉकेटपर्यंत नेताना मध्ये खाली झोळ सोडायचा, पाणी वायरवरून घरंगळलं तरी झोळापाशीच टपकतं, सॉकेटमध्ये जात नाही. आणि पेटलेल्या रॉयल ब्लूकडे सरळ बघू नका, लहान मुलं घरात असतील तर अजूनच.

मोजायचं कसं हा प्रश्न राहतोच. मोबाईलमधलं लक्स अ‍ॅप इथे चालत नाही कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती दिसतं ते मोजतं, आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला तेज आणि 450 च्या निळ्याला मंद, त्यामुळे भरपूर प्रकाश असूनही आकडा लहान येतो आणि माणूस जोर वाढवत बसतो. पार मीटर विकत घेणं परवडण्यासारखं नव्हतं, ठाण्यातल्या एका हॉबीवाल्याने डिपॉझिट घेऊन दिला. लाईट पाण्यापासून 25 सेंटीमीटर वर, निळा 60 टक्के, पांढरा 30, तर मधल्या खडकाच्या माथ्यावर 140 आणि वाळूवर 70 च्या आसपास मिळाले. कोपऱ्यात कमी, पण तिथे मशरूमच आहेत. सुरुवात मात्र एवढ्यावर करायची नाही. मी निळा 25 टक्क्यांवर ठेवून दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत नेला, एकदम जोर दिला की कोरल आतलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो.

विजेचं म्हणाल तर दिवसभराची चढउतार धरून सरासरी 50 वॉट, नऊ तास, म्हणजे महिन्याला साडेतेरा युनिट. युनिटला 12 रुपये धरले तरी 160-165 रुपये.

आता झोअँथिडची नवी तोंडं खडकावर पसरायला लागलीत, मशरूम दिवसा पूर्ण उघडतात. एक जादा एलडीडी ड्रायव्हर आणि दोन-दोन एलईडी डब्यात घालून ठेवलेत. ड्रायव्हर बोर्डवर सोल्डर न करता सॉकेटमध्ये बसवलाय, त्यामुळे कधी गेलाच तर स्विच बंद करून जुना उपटायचा आणि नवा खोचायचा, एवढंच काम.