फ्रिजातलं फूल

"फ्रिजातलं फूल हाय ते दादा. त्याला वास कुठून येईल?"

आज परभणीच्या बाजारात फुलवाल्या मावशींनी सरळ सुनावलं. पुतणीच्या साखरपुड्यासाठी मोगरा घेत होतो. मोबाईलवर डेकोरेशनवाल्याने पाठवलेला स्टेजचा फोटो त्यांना दाखवला: जांभळी ऑर्किड, पांढरे जरबेरा.

मावशींनी मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत धरून पुढे केल्या. "पहाटं तोडल्यात. संध्याकाळी उमलतील, मांडवातच."

ते 'मांडवातच' काही डोक्यातून जाईना.

ऑर्किड बहुतेक थायलंडहून येतं किंवा दूरच्या शेडनेटमधून. विमान, गारवा, खोकी. वर ती फुलं खोचायला तो हिरवा स्पंज लागतो. तो प्लास्टिकच असतो, कुजत नाही. दुसऱ्या दिवशी कार्यालयामागच्या उकिरड्यावर बघा.

आणि इकडे मे महिन्यातल्या आपल्या उन्हातही गलांडा तग धरतो. दसऱ्याला झेंडू, थंडीत शेवंती. झेंडूची तर मुळंसुद्धा कामाची. जमिनीतल्या सूत्रकृमींना, म्हणजे मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना, आवर घालतात, म्हणून टोमॅटोत मुद्दाम लावतात. हार वाळला की थेट खतात. पैसाही गावातच फिरतो.

हो, दसऱ्याला सगळ्यांचाच झेंडू एकदम येतो नि भाव कोसळतो, हेही खरंच. म्हणून वर्षभराच्या लग्नकार्यात ही फुलं मागायला हवीत, एका सणापुरती नाही.

वहिनी म्हणतात, "फोटोत गलांडा गावठी दिसेल."

दिसू दे की! डेकोरेशनवाल्याला फोन लावलाय. ऑर्किड रद्द.

तुमच्याकडे या दिवसांत कोणती फुलं निघतात?