जास्त टिकणारं वॅक्स मागायला आलेली नवरी

मे महिन्यात चिपळूणला लग्नं आणि घाम दोन्ही एकदमच येतात. मुंबई-ठाण्याची चाकरमानी मंडळी गावी उतरतात, पार्लरमध्ये एका नवरीबरोबर आई, मावशी, करवल्या अशी फौज असते आणि सगळ्यांना सगळं आजच हवं असतं. आणि जवळजवळ प्रत्येकीचा पहिला प्रश्न तोच, "ताई, जास्त दिवस टिकेल असं कुठलं वॅक्स आहे?" विचारताना नजर भिंतीवरच्या रेटबोर्डावर. साधं मधाचं, चॉकलेट, ॲलोवेरा, रिका, कटोरी वॅक्स. जे महाग ते जास्त टिकणार असा हिशोब.

हा हिशोब चुकीचा आहे आणि तो आम्हा पार्लरवाल्यांनीच लोकांच्या डोक्यात भरलाय. केस मुळासकट निघाला तर तो परत दिसायला ३ ते ६ आठवडे लागतात, मग तो साखर-लिंबाच्या वॅक्सने निघू दे नाहीतर इटलीहून आलेल्या डब्यातल्या वॅक्सने. आणि कातडीपाशी तुटला तर आठवड्याभरात टोचायला लागतो. वॅक्सच्या प्रकाराने फरक पडतो, नाही असं नाही, पण तो वेगळा फरक. साखरेचं वॅक्स पाण्याने धुऊन निघतं, स्वस्त पडतं, पण आमच्या दमट हवेत ते ओलावा ओढून घेतं आणि चिकचिक करतं, पावडर लावून कातडी कोरडी केल्याशिवाय धड पकडतच नाही. रिकासारखं तेलात विरघळणारं वॅक्स कमी गरम करून पातळ थरात लावता येतं, भाजायची भीती कमी. काखेत आणि ओठावर मी पट्टीवालं वापरतच नाही, तिथे पील ऑफ, ज्याला आपण कटोरी वॅक्स म्हणतो ते, कारण ते सुकताना केसाला आवळतं आणि कातडीला कमी चिकटतं.

पण यातलं कुठलंही घ्या, ओढणारीने पट्टी वर आकाशाकडे खेचली की केस तुटलाच. पट्टी कातडीला समांतर, अगदी घासून, केसांच्या उलट दिशेला, एका झटक्यात, आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणलेली. पोटरीवर केसांची दिशा फिरते, काखेत तर दोन-तीन दिशा असतात, तिथे एकच मोठी पट्टी मारून मोकळं होणारी मुलगी मी कामावर ठेवत नाही. शिवाय केस तांदळाच्या दाण्याएवढा तरी वाढलेला हवा, म्हणजे ५-६ मिलिमीटर. त्याहून आखूड केसावर वॅक्स म्हणजे पैसे वाया.

तर ही मुलगी आली ती लग्नाच्या चार दिवस आधी, आईबरोबर. ठाण्याला नोकरी, गाव इथलंच जवळचं. तिने दहा दिवसांपूर्वी ठाण्याच्या एका एसी पार्लरमध्ये त्यांचं सगळ्यात महागडं वॅक्स करून घेतलं होतं आणि पायांवर केस परत आले होते. आई आल्या आल्या म्हणाली, "ताई, तिथलं टिकलं नाही, तुम्ही याच्यापेक्षा स्ट्राँग काय असेल ते करा. लग्न, पूजा, मग बाहेरगावी जायचेत, महिनाभर बघायला लागू नये."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि भिंगाचा दिवा खाली ओढला. हे मी नेहमी करते, बाकीच्या पार्लरवाल्या हसतात, हसू देत. नवीन उगवलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, सुईसारखं बारीक होत गेलेलं. कापलेल्या किंवा तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं. तिच्या नडग्यांवरचे निम्मे केस निमुळते होते, म्हणजे ते वॅक्सच्या वेळी कातडीच्या आतच होते, नंतर वर आले. केस काही सगळे एकदम उगवत नाहीत, काही वाढत असतात, काही विश्रांतीत असतात, म्हणून तर रेझरवरून वॅक्सवर आलेल्या बाईला पहिल्या वेळी वाटतं की टिकलंच नाही. दर चार-पाच आठवड्यांनी दोन-तीनदा केलं की मग ते जरा एका रांगेत येतात. पण पोटरीच्या मागच्या बाजूला सगळी बोथट टोकं. तिथे तोडलेच होते. हजारो रुपये घेऊन.

मी हे आईला समजावतेय, तेवढ्यात हॉलवाल्याचा फोन आला म्हणून ती बाहेर गेली, आणि मी पाय पालथा करून बघितला तर गुडघ्याच्या मागे एक तपकिरी डाग. बोटाच्या पेरापेक्षा लहान, खपली नुकती पडलेली, आतली कातडी गुलाबी आणि चमकणारी. त्याची एक कड अगदी सरळ होती. खरचटलेलं कधी सरळ नसतं, ही पट्टीची कड होती. म्हणजे वॅक्सबरोबर कातडी आली होती. तिला विचारलं तर म्हणाली बॅग घासली असेल.

मग मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ फुटलेले, कोपऱ्यात चिरा, वरून व्हॅसलिनचा थर. मे महिन्यात, चिपळूणला, जिथे माणसाला कोरडं राहायचं म्हटलं तरी जमत नाही, तिथे थंडीतल्यासारखे ओठ फुटलेत. नाकाच्या कडेला बारीक पापुद्रे. मी दार लोटलं आणि हळू विचारलं, "पिंपल्सच्या गोळ्या चालू आहेत का गं तुझ्या?"

ती आधी नाही म्हणाली. मग पर्समधून स्ट्रिप काढून दाखवली. आयसोट्रेटिनॉईनच्या कॅप्सूल. "आईला सांगू नका ताई. ती म्हणते असल्या गोळ्या गरम पडतात, आणि सासरी कळलं तर काय म्हणतील."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ही कॅप्सूल कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी आकसवते, पिंपल्सवर खरंच गुणकारी आहे, माझ्या कित्येक गिऱ्हाइकांचे चेहरे तिने सुधारलेत. पण कातडी नाजूक होते. औषधाच्या माहितीपत्रकातच असतं की गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान सहा महिने वॅक्स करू नका, कातडी सोलवटते, व्रण राहू शकतात. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर तर तो डाग महिनोन् महिने हलत नाही. रात्री लावायच्या ट्रेटिनॉईन, ॲडापलीनच्या क्रीमचंही तसंच, जिथे क्रीम तिथे वॅक्स नाही. ठाण्याच्या त्या पार्लरमध्ये तिला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. पाण्याची बाटली दिली, फूट मसाज दिला, मेंबरशिप घेता का विचारलं, औषध काय चालू आहे हे विचारलं नाही. मला याचा मनापासून राग येतो. आमच्या धंद्यात पंधरा दिवसांत थ्रेडिंग-वॅक्सिंग शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत आणि गिऱ्हाइकाला आधी काय विचारायचं हे त्यात कुणी शिकवत नाही.

पण वॅक्सचं सोडा. मला धस्स झालं ते वेगळ्याच गोष्टीने. या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, आणि गोळ्या बंद केल्यावरही महिनाभर काळजी घ्यायची असते. इथल्या स्किनच्या डॉक्टरबाईंनी मला हे पूर्वीच सांगून ठेवलंय, आणि स्ट्रिपवर इशाराही छापलेला असतो, पण वाचतं कोण. आणि माझ्यासमोर चार दिवसांनी लग्न असलेली मुलगी बसलेली.

मी विचारलं, डॉक्टरांना लग्नाचं सांगितलंयस ना? तर म्हणाली, सुरुवातीला त्यांनी हे सगळं समजावलं होतं, एका कागदावर सहीपण घेतली होती, पण तेव्हा लग्नाचा काही विषयच नव्हता. नंतर सुट्टी मिळेना म्हणून दाखवायला जाणं बंद झालं आणि मेडिकलवाला जुन्या चिठ्ठीवर दर महिन्याला स्ट्रिप देत राहिला. हे औषध चालू चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. काउंटरवर दहा सेकंद लागतात विचारायला.

मी म्हटलं, "हे बघ, मी पार्लरवाली आहे, औषधातलं मला सांगायचा अधिकार नाही. पण आज रात्रीच्या आत डॉक्टरांना फोन कर आणि लग्न चार दिवसांवर आहे हे पहिल्या वाक्यात सांग. उद्यावर टाकू नकोस." तिचा चेहरा पडला. एवढ्यात आई आत आली.

आता आईला काय सांगायचं. मी म्हटलं, काकू, हिची कातडी सध्या नाजूक झालीय, मी वॅक्स करणार नाही, हातापायाला नाही आणि ओठावर कटोरी तर अजिबात नाही. रेझरने स्वच्छ करून देते. त्या अशा बघायला लागल्या की जणू मी मुलीचं डोकं भादरायचं म्हटलंय. "नवरीला रेझर? नंतर दाट आणि राठ येतील त्याचं काय?"

या एका समजुतीशी मी सगळं आयुष्य भांडतेय. रेझर केसाला जिथे तो जाड असतो तिथे कापतो, निमुळतं टोक जातं, म्हणून हाताला खरखरीत लागतो. केस किती येणार आणि किती जाड येणार हे कातडीखालच्या मुळाशी ठरतं, पातं तिथवर पोचतच नाही. पुरुषांच्या दाढीचं उदाहरण सगळे देतात, पण ती दाट होते ते वयात येतानाच्या हार्मोनमुळे, वस्तऱ्यामुळे नाही. मी त्यांना भिंगाखाली दोन्ही टोकं दाखवायला तयार होते. त्यांनी बघितलं नाही. "ठाण्याला केलं तेव्हा काही झालं नाही, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा ताई," असं म्हणून त्या पोरीला घेऊन गेल्या. गुडघ्यामागचा डाग दाखवून मी एका मिनिटात जिंकले असते. पण मग का झालं हा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर आईला सांगू नका असं त्या मुलीने मला म्हटलं होतं. मी गप्प राहिले. पुढे बसलेल्या तीन गिऱ्हाइकांनी हे सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करतेय तर ती आत्तेबहिणीबरोबर दारात उभी. रात्री डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. त्यांनी गोळ्या तिथेच थांबवायला सांगितल्या, पुढच्या महिनाभराची काळजी समजावली आणि लग्न झाल्यावर येऊन भेट म्हणाले. आदल्या संध्याकाळी आई तिला दुसऱ्या पार्लरमध्ये घेऊन गेली होती, तिथे हिने स्वतः पाळी आल्याचं सांगून वेळ मारून नेली.

मग मी ते काम केलं आणि मी आजवर केलेल्या कुठल्याही वॅक्सइतकंच मन लावून केलं. कोमट पाण्याचा टॉवेल आधी पाच मिनिटं, केस मऊ पडतात. भरपूर जेल, कोरड्या कातडीवर कधीच नाही. नवं कोरं रेझर, तेही दोन, एका पायाला एक, कारण बोथट पातं दाबावं लागतं आणि दाबलं की चिरतं. केसांच्या दिशेनेच, उलटं नाही, भले थोडं कमी गुळगुळीत होऊ दे. गुडघ्यामागचा डाग सोडून. ओठावर छोटा ट्रिमर, आयब्रोला धागा लावला नाही, कात्रीने आकार दिला आणि चुकार केस चिमट्याने एकेक. वर बिनवासाचं मॉइश्चरायझर. हळद दुसऱ्या दिवशी होती, म्हणून मुद्दाम आदल्या दिवशी केलं, नाहीतर ताज्या कातडीवर हळद झोंबते. दोन-तीन दिवसांनी परत करावं लागणार, ते तिला माझ्यासमोर करायला लावून शिकवलं. बाहेरगावी हॉटेलात तिला मी थोडीच मिळणार.

माझ्या हाताखालची मुलगी म्हणते, आईला सांगायला हवं होतं, उद्या काही झालं असतं तर? शेजारची पार्लरवाली म्हणते, ब्रायडल पॅकेज घालवलंस, वर नाव खराब झालं ते वेगळंच. पॅकेजचं मला काही वाटत नाही. आईचंही माझं पक्कं आहे, सव्वीस वर्षांची कमावती मुलगी आहे, तिचं शरीर, तिचं औषध, तिने नको म्हटल्यावर मी कोण सांगणारी.

श्रावणात तिचा मेसेज आला. डाग फिकट झालाय, ओठ बरे झालेत, आता वॅक्स केलं तर चालेल का, आणि कुठलं केलं तर जास्त टिकेल. मी लिहिलं, शेवटची कॅप्सूल मे मध्ये घेतलीस, म्हणजे नोव्हेंबर संपेपर्यंत नाही, आणि त्यानंतरही आधी डॉक्टरांना विचार. मग केस तांदळाएवढे वाढव, पहिल्यांदा पोटरीवर हाताएवढीच जागा करू, दोन दिवस बघू, मग बाकीचं. पायांना साधं वॅक्स पुरेल, महागाच्या मागे लागू नकोस, पाच आठवड्यांच्या अंतराने तीनदा ये. आणि खाली आणखी एक ओळ टाइप केली होती, नवऱ्याला गोळ्यांचं सांगितलंस का म्हणून, कारण त्या महिनाभराची काळजी काही तिने एकटीने घ्यायची नव्हती. ती पाठवायच्या आधी मी पुसली. तेवढं विचारायचा मला हक्क होता की नव्हता, हे माझं अजून ठरत नाहीये.