एक मार्चच्या अलीकडचे आणि पलीकडचे

जर्मनीत नोकरीसाठी येणं सोपं झालंय, या बातम्या तुमच्यापर्यंत पोचल्याच आहेत. माझ्याकडे अधूनमधून कुणाच्या तरी भाच्याचा, पुतण्याचा बायोडाटा येत असतो. बातम्या खऱ्या आहेत. 2023 च्या सुरुवातीला ब्लू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्यासाठी, सर्वसाधारणपणे वर्षाला 58,400 युरो पगार लागायचा. नोव्हेंबरात कायदा बदलला आणि ही अट 43,800 वर आली. डिग्री नसलेल्या पण अनुभवी आयटीवाल्यांनाही दार उघडलं. फेब्रुवारी 2024 मध्ये तर महाराष्ट्र सरकारने मी राहते त्याच राज्याशी, बाडेन-व्युर्टेमबर्गशी, 10,000 कुशल माणसं पाठवण्याचा करार केला.

मी लिहायला बसले ते याच सुधारणेतल्या एका कलमामुळे. 1 मार्च 2024 पासून इथे कामाला येणाऱ्या कुशल माणसाला आपल्या आई-वडिलांना जर्मनीत आणता येतं. पाहुणे म्हणून नाही, राहण्याच्या परवान्यावर. जोडीदार इथे कायम राहत असेल तर सासू-सासऱ्यांनाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वासच बसेना. या देशाच्या कागदपत्रांत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लहान मुलं. सरकारी आरोग्य विम्यात बायको येते, मुलं येतात, आई-वडील येत नाहीत. आपल्याकडे साध्या कंपनीच्या विम्यातसुद्धा आईचं नाव घालता येतं. अशा देशाने सासू-सासऱ्यांपर्यंत विचार करावा, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. त्याच संध्याकाळी मी आईला फोन करून सांगूनही टाकलं.

पण परवाना पहिल्यांदा मिळाला ती तारीख 1 मार्च 2024 किंवा त्यानंतरची हवी. माझं ब्लू कार्ड 2021 चं. मधल्या काळात ते बदलून घेतलं, नोकरी बदलली, त्याने काही फरक पडत नाही. आमच्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, कलम मोठं करून दाखवलं, मी पुन्हा विचारलं तर पुन्हा वाचून दाखवलं. म्हणाल्या, "तुम्ही आधी आलात." आधी आलेल्यांसाठी जुनंच कलम शिल्लक आहे, त्यात असाधारण अडचण सिद्ध करावी लागते. आई सांगलीत एकटी आहे, गुडघे गेलेत, एवढं त्याला पुरत नाही.

आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे, जळगावकडचा, 2024 च्या उन्हाळ्यात आलेला. त्याचे आई-बाबा आता इथे असतात. त्यालाही हे फुकट मिळालेलं नाही. दोघांचा खर्च झेपेल एवढा पगार दाखवावा लागला, विम्याची सोय आधी करावी लागली, आणि त्या वयाच्या माणसांचा खासगी विमा किती महाग असतो ते त्याच्या तोंडून ऐकावं. शिवाय सगळं पूर्ण केलं तरी परवाना द्यायचाच असं बंधन कार्यालयावर नाही. तरी मिळाला. परवा बागेत त्याच्या आईने माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुझी आई कधी येणार गं कायमची?" मी म्हटलं, बघू.

माझी आई येते ती शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या पाहुण्यांच्या व्हिसावर. 180 दिवसांत 90 दिवस, त्यापुढे नाही. येताना ती जुन्या साडीच्या काठाच्या पिशव्या शिवून आणते, सकाळच्या गोळ्यांची वेगळी, रात्रीच्या गोळ्यांची वेगळी, वर सुईदोऱ्याने घातलेली खूण. गोळ्या बरोबर मुक्काम संपेपर्यंतच्या. प्रवासाच्या विम्याला 30,000 युरोचं किमान संरक्षण लागतं, ते आम्ही घेतो; पण जुन्या दुखण्याला त्यात बहुधा जागा नसते, म्हणून ती इथे जिना उतरतानाही माझ्यापेक्षा जास्त जपते. एप्रिल 2024 पासून भारतीयांना दोन वर्षांचा, मग पाच वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा मिळण्याची सोय युरोपने केली, रांगा वाचल्या. नव्वदचे एक्क्याण्णव मात्र होत नाहीत.

"एवढंच आहे तर परत ये," असं म्हणणारे घरात आहेत. त्यांना माझं उत्तर आहे. बंगळूरला राहणारा माझा भाऊ वर्षाकाठी आईपाशी जेवढा असतो, त्याहून जास्त मी असते, तेही सात समुद्र ओलांडून. त्याला कुणी परत ये म्हणत नाही. मी इथे नऊ-दहा तास काम करते, कर भरते, पेन्शनचा हप्ता भरते, मुलीची शाळा मधेच तोडू शकत नाही. आईनेच मला इंजिनीअर केलं, आणि तिनेच विमानतळावर सांगितलं होतं की मागे वळून बघू नकोस.

तारखेमागचं गणित मला कळतं. सरकारला नवी माणसं ओढायची होती, आणि आम्ही तर आलेलोच होतो, आम्हाला आणखी काही देऊन त्यांना काय मिळणार? पण कोविडच्या काळात, अर्धं जग बंद असताना आलेल्या नर्सेस याच रेषेच्या अलीकडे अडकल्यात. त्यांचेही आई-वडील म्हातारे होतायत. 29 फेब्रुवारीला परवाना मिळालेल्याची आई आणि 1 मार्चला मिळालेल्याची आई, यांत कसला फरक आहे हे मला कोणी समजावून सांगावं.

करारातून येऊ घातलेल्या मुलांनी, विशेषतः नर्सिंगच्या मुलींनी, एक लक्षात ठेवा. ही सोय परवान्याच्या प्रकारावर ठरते. शिक्षणाची मान्यता घेऊन कुशल कामगाराच्या परवान्यावर याल तर हे कलम तुम्हाला लागू आहे. एजंट दुसऱ्याच कुठल्या व्हिसावर पाठवत असेल तर सही करण्याआधी विचारा.

जर्मनीच्या संसदेकडे कुणीही अर्ज करू शकतं, नागरिक असायची गरज नाही, राज्यघटनेच्या 17 व्या कलमातच तसं आहे. आमच्या गावातल्या केरळच्या दोन नर्सेस आणि मी मिळून मसुदा लिहिलाय. मागणी एकाच ओळीची आहे: तारखेची अट काढा, बाकीच्या सगळ्या अटी आम्ही पूर्ण करतो. पुढच्या आठवड्यात पाठवतोय. इथल्या मराठी मंडळींपैकी ज्यांचं कार्ड मार्च 2024 च्या आधीचं आहे, त्यांनी मला कळवा, तुमच्याही सह्या हव्या आहेत.